वोलेमी पाइन आणि गॉब्लिन शार्क: कोकणात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली-हर्णै पट्ट्यातल्या शाळा-वाचनालयांत मी निसर्गावर बोलायला जाते. सोबत नेलेल्या तक्त्यांपैकी एकावर ऑस्ट्रेलियातलं एक झाड आणि खोल समुद्रातला एक शार्क शेजारीशेजारी आहेत. जोडी विजोड आहे, कबूल. पण सगळ्यात जास्त प्रश्न याच तक्त्यावर येतात. तेच प्रश्न उत्तरांसकट इथे दिले आहेत.

झाड कुठे, मासा कुठे! यांची तुलना करायचीच कशाला?

नात्याचा काही संबंध नाही. दोघं आपापल्या घराण्यात एकटे उरले आहेत, एवढं साम्य मात्र खरं. वोलेमी पाइन ज्या वोलेमिया प्रजातीतला, तिच्यात आज जगात ही एकच जात उरली आहे. गॉब्लिन शार्कच्या कुळातही बाकीचे सगळे गेले, हा एक उरला. दोघांचे जुने नातलग आधी दगडात सापडले आणि हे जिवंत नंतर.

पण मी त्यांना एका तक्त्यावर आणलं ते दुसऱ्याच कारणासाठी. दोघांच्याही नावामागे बातम्यांत 'दुर्मीळ' लावतात, आणि ते ऐकून लोक दोघांची सारखीच काळजी करतात. माझ्या मते तिथेच गल्लत होते. ती पुढे सांगते.

झाड सापडलं कसं?

सप्टेंबर १९९४ मध्ये डेव्हिड नोबल हे उद्यान विभागातले अधिकारी वोलेमी राष्ट्रीय उद्यानातल्या एका अरुंद घळीत दोराने उतरले. अशा घळी धुंडाळणं हा त्यांचा छंद. खाली त्यांना ओळखीची न वाटणारी उंच झाडं दिसली, म्हणून त्यांनी एक डहाळी सोबत आणली. डहाळी पाहून जाणकारांना आधी नेच्याची शंका आली. प्रत्यक्षात ते झाड ४० मीटरपर्यंत वाढणारं निघालं. १९९५ मध्ये त्याला वोलेमिया नोबिलिस हे नाव मिळालं, त्यातलं नोबिलिस नोबल यांच्यावरून.

ही जागा सिडनीपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. मुंबईहून महाडला जावं, साधारण तेवढंच अंतर. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ बारा-तेरा मजली उंचीची झाडं विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कुणाच्या नोंदीत नव्हती, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

आणि शार्क?

तो जवळजवळ शंभर वर्षं आधी. जपानमध्ये योकोहामाजवळ एक मीटरच्या आसपास लांबीचा, पूर्ण वाढ न झालेला नर पकडला गेला होता. तिथे नमुने गोळा करणाऱ्या अ‍ॅलन ओस्टन यांच्या हाती तो आला, त्यांच्याकडून प्राध्यापक काकिची मित्सुकुरी यांच्याकडे आणि तिथून अमेरिकेचे मत्स्यतज्ज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्याकडे. जॉर्डन यांनी १८९८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि मित्सुकुरिना ओस्टोनी या नावात दोघांनाही बसवलं.

दोघंही दुर्मीळ आहेत ना? जास्त दुर्मीळ कोण?

झाड. आणि इथे स्पर्धाच नाही.

वोलेमी पाइनची जंगलातली मोठी झाडं शंभरहून कमी आहेत. सगळी एकाच उद्यानातल्या मोजक्या घळींत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे, म्हणजे जंगलातून नामशेष होण्याच्या एकच पायरी अलीकडे.

गॉब्लिन शार्क त्याच यादीत 'कमी चिंता' या गटात आहे. ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, कारण त्याचे फोटो कायम 'अतिशय दुर्मीळ' अशा मथळ्याखाली येतात. तो अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी या तिन्ही महासागरांत नोंदवला गेला आहे. आपल्याला तो दिसत नाही, कारण तो बहुतेक २७० ते ९६० मीटर खोलीत असतो आणि कधी त्याहूनही खाली जातो. तिथे आपण जात नाही, आपली जाळीही क्वचितच जातात. एप्रिल २००३ मध्ये तैवानच्या वायव्य किनाऱ्याजवळ शंभराहून जास्त गॉब्लिन शार्क पकडले गेले. वोलेमी पाइनची जगभरातल्या जंगलांतली मोठी झाडं जितकी, त्याहून जास्त शार्क एका जागी, एका महिन्यात.

म्हणून शार्कबद्दल कुतूहल ठेवा, पण काळजी करायची तर आधी झाडाची करा. झाडाचा सगळा संसार एका वणव्यात किंवा एका रोगात संपू शकतो. शार्कचं तसं नाही. खोल पाण्यातली मासेमारी वाढली तर त्याच्यावरही वेळ येईल, पण ती आज आलेली नाही.

यांचं वय किती? डायनासोरच्या काळातले म्हणतात ते खरं का?

आज उभं असलेलं झाड डायनासोरच्या काळातलं नाही. घराणं त्या काळातलं आहे. वोलेमीच्या परागकणांसारखे जीवाश्म परागकण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांपासून मिळतात, तेही ऑस्ट्रेलियासोबत न्यूझीलंड आणि अंटार्क्टिकातूनही. गॉब्लिन शार्कचं कुळ त्याहून जुनं, साधारण साडेबारा कोटी वर्षांचं.

मुलांना मी सह्याद्रीकडे बोट दाखवून सांगते. तो काळा कातळ ज्या लाव्हापासून झाला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. ही दोन्ही घराणी त्याच्या आधीची. आपल्या सड्यावरचा जांभा तर त्याच कातळाच्या झिजेतून नंतर तयार झालेला, म्हणजे आणखी धाकटा.

मग इतक्या कोटी वर्षांत ते बदललेच नाहीत का?

बदलले. बाहेरचा आकार जुन्या नातलगांसारखा राहिला, एवढंच. वोलेमी पाइनचा संपूर्ण जनुकसंच २०२३ मध्ये वाचला गेला. तो माणसाच्या जनुकसंचाच्या जवळजवळ चौपट मोठा आहे. आणि झाडाझाडांत मात्र फरक जवळजवळ नाही. एकाला जो रोग मारतो तो दुसऱ्यालाही मारेल, असा त्याचा अर्थ.

आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. सुरू याच्याच जातीतला ना?

नाही. हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, म्हणून जरा सविस्तर.

सुरू लांबून पाइनसारखा दिसतो, त्याखाली सुयांसारखा सडा पडतो, छोटी शंकूसारखी फळंही धरतात. पण ती सगळी फसवाफसवी आहे. सुरूची एक 'सुई' हातात घ्या आणि दोन्ही टोकांनी हलकेच ओढा. ती कुठेही न तुटता सांध्यावर सुटते. त्या सांध्याकडे उजेडात नीट पाहा, टोकाभोवती दातऱ्यांची बारीक कडी दिसेल. ते दात हीच सुरूची पानं. ज्याला आपण सुई म्हणतो ती हिरवी, बारीक फांदी आहे. सुरू फुलं येणारं झाड आहे. म्हणजे नात्याने तो पाइनपेक्षा आपल्या आंब्या-फणसाला जवळचा. फुलं येतात, पण ती इतकी बारीक की कुणी पाहत नाही.

शंकुधारी झाडांना खरी फुलं आणि फळं नसतात, बी शंकूच्या खवल्यावर उघडंच असतं. वोलेमी पाइन तसा. गंमत म्हणजे त्याची पानं सुईसारखी नाहीतच. ती चपटी, पट्टीसारखी असतात. त्यामुळे सुईवरून पाइन ओळखायला गेलात तर सुरू पास होईल आणि वोलेमी नापास.

मग कोकणात त्याचा कुणी नातेवाईक आहे का?

आहे, आणि तुम्ही त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणता. बंगल्यांच्या आणि रिसॉर्टच्या दारात जे सरळसोट झाड असतं, मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या फुटलेलं, ते बहुतेक वेळा अरौकेरिया. वोलेमी पाइन त्याच कुळातला. अर्थात हेही लावलेलं, दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांकडचं. कोकणाच्या रानात आपोआप उगवणारं शंकुधारी झाड नाही. पश्चिम घाटात असं एक झाड मिळतं, पण खूप दक्षिणेला, केरळ-तामिळनाडूच्या डोंगरात, आणि ते वेगळ्या कुळातलं आहे.

एके काळी अरौकेरियाचं कुळ भारतात होतं. कच्छमध्ये आणि झारखंडच्या राजमहाल टेकड्यांत त्यांचे जीवाश्म मिळतात. भारतातल्या अशा अश्मीभूत शंकुधारी झाडांचा पद्धतशीर अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी गेल्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या दशकांत केला. भारत आणि ऑस्ट्रेलिया एके काळी एकाच मोठ्या भूखंडाचे तुकडे होते, ही कल्पना साहनींच्या वेळी वादाचा विषय होती.

वोलेमी पाइन जवळून दिसतो कसा?

खोड सगळ्यात आधी नजरेत भरतं. साल तपकिरी आणि फोडाफोडांची, तापल्या तव्यावर नाचणीचं घावन टाकल्यावर पीठ जसं बुडबुडतं तशी. एकाच बुंध्यातून अनेक खोडं उठतात. एक मेलं की दुसरं वर येतं, त्यामुळे खोडापेक्षा बुंधा कितीतरी जुना असतो. तो सुटी पानं गाळत नाही, अख्खी फांदीच टाकतो. थंडीत कोंबाच्या टोकावर पांढऱ्या राळेचा टोप चढतो आणि वसंतात कोवळी वाढ तो फोडून बाहेर येते. नर आणि मादी शंकू एकाच झाडावर, मादी वरच्या फांद्यांना. जंगलातल्या झाडांचं बी गोळा करायला माणसं हेलिकॉप्टरखाली दोराला लटकून शेंड्यापर्यंत गेली. आपल्याकडचे पाडेली हे ऐकून हसतात.

गॉब्लिन शार्कचा जबडा खरंच तोंडातून बाहेर उडतो?

खरंच. जपानमध्ये चित्रित झालेल्या दृश्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जबड्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटरपर्यंत मोजला गेला आणि तो शरीराच्या लांबीच्या जवळपास ९ टक्के पुढे येतो असं दिसलं. तीन मीटरचा मासा धरला तर वीतभराहून जास्त. माशांमध्ये इतका वेगवान पुढे येणारा जबडा फार कमी. संशोधकांनी या पद्धतीला गलोलीचं नाव दिलं आहे.

त्याला याची गरज पडते कारण बाकीचं शरीर आळशी आहे. स्नायू ढिले, शेपटीला जोर नाही, यकृत भलंमोठं आणि तेलकट. तो पाण्यात तरंगत राहतो आणि शिकार जवळ आली की फक्त जबडा धावतो. अंधारात शिकार कळते ती लांब नाकामुळे. त्या नाकाच्या खालच्या बाजूला असंख्य छिद्रं असतात, आणि ती जिवंत शरीरातून येणारी अतिशय मंद वीज ओळखतात.

हे पाहायला जपानला जायची गरज नाही. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला जा आणि एखादी ताजी मुशी, म्हणजे लहान शार्क, उलटी करून तिच्या नाकाखाली बघा. टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसतील. अंगठ्याने दाबलंत तर त्यातून पारदर्शक, चिकट द्राव बाहेर येतो. तीच वीज ओळखणारी यंत्रणा, लहान प्रमाणात. मच्छी विकणाऱ्या मावशींना आधी विचारा मात्र. दाबून पाहिलेली मुशी मग तुम्हालाच घ्यावी लागेल.

तो गुलाबी का दिसतो?

कातडी जवळजवळ रंगहीन आहे, खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. मेल्यावर रंग जातो, म्हणून जुने जतन केलेले नमुने तपकिरी-करडे असतात.

तो अरबी समुद्रात आहे का? आपल्या जाळ्यात येईल का?

आपल्या नेहमीच्या जाळ्यात येणार नाही. कोकणासमोर उथळ समुद्राचा पट्टा रुंद आहे, मुंबईसमोर साधारण ३०० किलोमीटर, दक्षिणेकडे अरुंद होत जातो. त्याच्या कडेलाही खोली २०० मीटरच्या आसपास. गॉब्लिन शार्कचं घर तिथून पुढे सुरू होतं.

त्यात अरबी समुद्राची एक वेगळी अडचण. इथे साधारण १५० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू अगदी कमी असतो. जगातल्या सगळ्यात जाड अशा थरांपैकी हा एक. इतरत्र गॉब्लिन शार्क ज्या खोलीत फिरतो, नेमकी तीच खोली. तेव्हा हर्णैच्या धक्क्यावर तो उतरेल अशी पैज मी लावणार नाही.

माणसाला धोका?

नाही. तो राहतो तिथे माणूस पोहत नाही.

मत्स्यालयात ठेवता येत नाही का?

जपानमध्ये प्रयत्न झाले. फार दिवस कुणी जगला नाही. रत्नागिरीच्या मत्स्यालयात जाऊन देवमाशाचा सांगाडा जरूर पाहा, पण याची अपेक्षा ठेवू नका.

झाडांची जागा गुप्त का ठेवली आहे? लोकांनी पाहिली तर काय बिघडतं?

हे शहरातल्या पाहुण्यांना समजावणं कठीण जातं. ज्याची पोफळीची बाग आहे त्याला एका वाक्यात कळतं: तिथेही कोळेरोगाचा भाऊबंद पोचला आहे.

पावसाळ्यात सुपारी हिरवीच सडून गळते, त्या कोळेरोगामागे फायटोफ्थोरा असतो. नारळाचा कोंब कुजतो, मिरीचा वेल बघताबघता बसतो, तिथेही त्याचीच भावंडं. हा बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशीच्या घराण्यातला नाही. पाण्यात पोहू शकणारे बीजाणू हे त्याचं हत्यार, म्हणून तो पावसाळ्यात माजतो आणि म्हणूनच आपण मृग लागायच्या आत बोर्डो मिश्रणाची फवारणी उरकतो. वोलेमीच्या घळीत फायटोफ्थोरा सिनामोमी २००५ मध्ये सापडला. हा मुळं कुजवतो. विनापरवाना आलेल्या कुणाच्या तरी बुटाला चिकटलेल्या मातीतून तो आला असावा असा संशय आहे. तिथे जाणारे संशोधक बूट आणि साहित्य निर्जंतुक करूनच उतरतात.

बागेत रोग आला तर आपण दुसरी रोपं लावतो. शंभराहून कमी, आणि सगळी जवळजवळ एकसारखी झाडं असतील तर ती सोय नाही. पत्ता लपवणं मला त्यामुळे अजिबात जास्तीचं वाटत नाही. फोटो टाकताना जागेचं नाव लिहायची घाई आपल्याकडेही कमी झाली तर बरं. आपल्या देवरायांतही बुटांसकट, चिखलासकट शिरणारे पर्यटक काही कमी नाहीत.

२०१९-२० च्या वणव्यात ही झाडं जळली का?

थोडक्यात वाचली. गॉस्पर्स माउंटन या वणव्याने ५ लाख हेक्टरहून जास्त क्षेत्र खाल्लं. विमानांनी घळीभोवती आग रोखणारं मिश्रण टाकलं. अग्निशमन दलाची माणसं हेलिकॉप्टरने खाली उतरली आणि त्यांनी झाडांना ओलावा देणारी नळांची व्यवस्था मांडली. काही झाडं होरपळली, पण बहुतेक टिकली. ही मोहीम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली, तोवर गुप्तच होती.

वोलेमी पाइन विकत मिळतो असं ऐकलं. माझ्या बागेत लावू का?

विकत मिळतो हे खरं. ऑक्टोबर २००५ मध्ये सिडनीत पहिल्या रोपांचा लिलाव झाला आणि त्यातून १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त जमले. पुढे रोपं इतर देशांत गेली. कल्पना साधी होती: चोरून आणण्याइतकं ते दुर्मीळ राहिलंच नाही तर घळीत चोर उतरणार नाहीत. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

तरी कोकणात लावायचा सल्ला मी देणार नाही. उन्हाचा प्रश्न नाही, तो ४५ अंशांपर्यंत तग धरतो. जांभ्याची आम्लधर्मी मातीही त्याला मानवेल. अडचण पावसाची. मुळाशी पाणी साचणं त्याला चालत नाही आणि आपल्याकडे चार महिने तेच होतं, वर फायटोफ्थोरा आपल्या मातीत आधीच आहे. शिवाय परदेशातून जिवंत रोप आणायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. सामानात लपवून आणाल तर त्याच्या मुळांच्या मातीतून काय येईल याचा नेम नाही, आणि ते भोगायला शेजाऱ्याची पोफळी असेल.

हे सगळं ऐकल्यावर मुशी-मोरी खाणं सोडायचं का?

शार्कचा विषय निघाला की मालवणकडच्या कुणाच्या तरी तोंडी हा प्रश्न असतोच, आणि थोडा रागानेही असतो. बाजारात येणारी लहान मुशी ही गॉब्लिन शार्कपेक्षा जास्त काळजीची गोष्ट आहे, कारण ती किनाऱ्याजवळ राहते आणि आपल्या जाळ्यांच्या थेट वाटेत येते. लाल यादीत ती 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. खाऊ नका असं मी म्हणत नाही, मीही मोरीचं कालवण खाऊन मोठी झाले. पण वीतभर पिल्लं घेऊ नका. १ जून ते ३१ जुलै ही बंदी पाळणाऱ्याकडूनच मासळी घ्या.

काही शार्कना मात्र हात लावणं गुन्हा आहे. अंगावर पांढरे ठिपके असलेला, बोटीएवढा व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तो किंवा कासव जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडून द्यावं. महाराष्ट्रात अशा वेळी जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाची ही योजना आहे. जाळं कापतानाचे आणि जीव सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ त्यासाठी लागतात, तेव्हा बोटीवर एकाने तरी मोबाईल चार्ज करून ठेवावा.